रोज सव्वाशे किलोमीटर अप-डाऊन, सेकंड हँड डिझेल गाडी कुठली घेऊ? (नाशिकरोड ते संगमनेर)

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही जेलरोडला राहता, संगमनेरला कॉलेजवर शिकवता, जाऊन-येऊन रोजचं सव्वाशे किलोमीटर होतं, बजेट पाच लाख आणि समोर दोन गाड्या आहेत. एक २०१५ ची स्विफ्ट डिझेल, मीटरवर ४६ हजार. दुसरी २०१७ ची होंडा अमेझ डिझेल, मीटरवर १ लाख ३५ हजार, पहिलाच मालक, औषध कंपनीतला माणूस, नाशिक-धुळे-जळगाव पट्टा फिरणारा. घरातले सगळे म्हणतायत कमी चाललेली घ्या. मी अंबडला बरीच वर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतो आणि माझं मत घरच्यांच्या उलटं आहे. सविस्तर लिहितो, लांब होईल, पण पाच लाखाचा आणि रोजच्या हायवेचा प्रश्न आहे.

आधी डिझेल घ्यावं का हेच बघू. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर ३१०० किलोमीटर, सुट्ट्या वजा करून वर्षाला ३५ हजाराच्या आसपास. या रोडवर चांगली छोटी डिझेल गाडी एसी लावून वीसचा ॲव्हरेज आरामात देते, म्हणजे महिन्याला १५५ लिटर, नव्वदीतल्या भावाने चौदा हजारांच्या थोडं वर. तसलीच पेट्रोल गाडी पंधरा-सोळा देईल, दोनशे लिटर, शंभरच्या वरचा भाव, एकवीस हजार. महिन्याला सहा-सात हजारांचा फरक आहे, डिझेलचा जास्तीचा मेंटेनन्स धरला तरी तुमच्या रनिंगला डिझेल परवडतं. ज्यांचं रोजचं येणं-जाणं सातपूर ते सीबीएस, म्हणजे शहरातल्या शहरात एवढंच आहे त्यांना मी डिझेल घेऊच देत नाही. सीएनजीचं विचाराल तर निव्वळ इंधनाच्या पैशात सीएनजी डिझेलच्या बरोबरीला किंवा खालीच येईल, खोटं कशाला सांगू, पण सव्वाशे किलोमीटरवाल्याला दर दुसऱ्या दिवशी पंपावर लाईनीत उभं राहायला लागतं, डिकी जाते आणि मोहदरी घाटात एसी चालू ठेवून मागून ट्रक असताना पिकअप लागतो तेव्हा डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कामाला येतो. सकाळचं पहिलं लेक्चर गाठायचं असणाऱ्याला ती लाईन झेपत नाही.

आता मीटरचं. २०१५ ची गाडी, ४६ हजार किलोमीटर. दहा-अकरा वर्षांत विभागून बघा, दिवसाला बारा किलोमीटर पडतात. त्या वेळी डिझेल स्विफ्ट पेट्रोलपेक्षा लाखभराने महाग होती, म्हणजे ज्याने लाख रुपये जास्त मोजून डिझेल घेतली तो रोज बारा किलोमीटर चालवायला घेत होता का? दोनच शक्यता उरतात. एक, मीटर मारलेला आहे, म्हणजे किलोमीटर मागे फिरवलेत, आणि हे काम आज लॅपटॉप लावून काही मिनिटांत होतं, डिजिटल मीटर फिरत नाही हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. दुसरी शक्यता, गाडी खरंच एवढीच चाललीय, आणि डिझेलच्या बाबतीत ही दुसरी शक्यता लोकांना वाटते तेवढी चांगली नाही.

कारण डिझेल इंजिनला गरम व्हायला वेळ लागतो. भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला चार किलोमीटर गेली आणि बंद केली, की इंजिन पूर्ण तापायच्या आतच थांबतं. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणारा पाईप) बसत जाते, थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइलमधलं पाणी उडून जायला लागणारी उष्णताच मिळत नाही. त्यात मालकाचा हिशोब असा की गाडी चाललीच कुठेय, मग ऑइल कशाला बदलायचं, दोन-दोन वर्षं तेच ऑइल. बाहेरून गाडी चकाचक, सीट नव्या, आणि आत टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बेअरिंगला तेच पातळ झालेलं ऑइल जातंय. रबराचे होज, बेल्ट, टायर हे तर उभ्या गाडीतही वयाने कडक होतात. अशी गाडी तुम्ही घेतलीत आणि एकदम रोज सव्वाशे किलोमीटर ऐंशी-नव्वदच्या स्पीडने चालवायला लागलात की सहा महिन्यांत एकेक गोष्ट तोंड वर काढते.

याच्या उलट ती अमेझ. आठ-नऊ वर्षांत १ लाख ३५ हजार, म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा हजार, धुळे-जळगाव हायवेवर टॉप गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या आसपास, इंजिन पूर्ण गरम. डिझेलसाठी यापेक्षा चांगलं आयुष्य नाही. क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतात, काजळी बसायला वाव मिळत नाही. सर्व्हिस वेळेवर झाली असेल तर मी डोळे झाकून नाही पण मन मोकळं ठेवून ही गाडी बघायला जाईन, आणि स्विफ्ट बघायला जाताना संशय घेऊन जाईन.

पण हे सगळं कागदावर सिद्ध झालं पाहिजे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवरून हिस्टरी निघते, मालकाला सोबत न्या किंवा त्याच्याकडून मागवा. त्यात प्रत्येक एंट्रीला तारीख आणि किलोमीटर असतात. आकडा सरळ चढत जायला पाहिजे, मधेच दोन वर्षं एंट्री नाही आणि मग किलोमीटर कमी दिसतायत असं असेल तर विषय संपला. बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस केली म्हणाला तर बिलं मागा. अमेझचं ऑइल दर दहा हजाराला बदललं असेल तर आजवर किमान बारा-तेरा वेळा बदललेलं दिसलं पाहिजे, पाच-सहाच दिसले तर ती गाडी सोडा, मग ती हायवेवर चाललेली असली तरी उपयोग नाही. स्विफ्टची हिस्टरी काढली आणि खरंच ४६ हजार निघाले, दरवर्षी न चुकता ऑइल बदललेलं निघालं, तर माझा संशय मी मागे घेईन, पण तरी एक लक्षात ठेवा की तिचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०३० ला संपतंय, त्यानंतर फिटनेस, पर्यावरण कर, रिन्यूअल हे तुमच्या गळ्यात.

गाडीवरही खुणा असतात. टायरच्या साईडवॉलवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष, २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. ४६ हजार चाललेल्या गाडीला तिसरे टायर कशाला लागले ते विचारा. क्लच-ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीत झालेला भाग, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, गिअर नॉब. हे सगळं झिजलेलं आणि मीटर कोवळा, किंवा सगळंच नवं कोरं घातलेलं, दोन्ही वाईट. काही गाड्यांत मीटर सोडून दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटरची नोंद राहते, चांगला स्कॅनरवाला ती काढून देतो.

आता गाडी बघायला कधी जायचं. सकाळी लवकर, आणि मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर पहिलं काम बॉनेटला हात लावायचा, कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी परत या. डिझेलचे निम्मे आजार थंड स्टार्टला दिसतात आणि गरम झाल्यावर लपतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, निफाडकडे तर विचारू नका, जी थंडी पडते ती या टेस्टला सगळ्यात चांगली. चावी फिरवून डॅशबोर्डवरची स्प्रिंगसारखी लाईट जाईपर्यंत थांबा, ती हीटर प्लगची, मग स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंदांत उचलली पाहिजे. स्टार्ट होताना कडकड असा साखळीचा आवाज एक क्षण येऊन थांबला तर ऑइल वर पोचायला लागलेला वेळ आहे, पण आवाज तसाच राहिला तर टायमिंग चेन सैल आहे. १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनमध्ये, म्हणजे तुमच्या स्विफ्टमध्येही तेच आहे, ऑइल कमी राहिलं किंवा जुनं झालं की चेन आणि टेन्शनरचा त्रास होतो, कारण त्या इंजिनात ऑइल मुळात तीन लिटरच्या आसपासच बसतं, अर्धा लिटर कमी झालं तरी त्याला जाणवतं.

मग धूर. मागे एका माणसाला उभं करा. सुरुवातीला जरासा पांढरा येऊन गेला तर ठीक, पण डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर बराच वेळ राहिला तर डिझेल नीट जळत नाहीये, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा), हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन यातलं काहीतरी. गोडसर वासाचा पांढरा धूर आणि कूलंट कमी होतंय तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. काळा धूर लोडवर येतो, तो एअर फिल्टर, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा) फाटलेला होज, ईजीआर किंवा इंजेक्टर. काळ्याला मी सगळ्यात कमी घाबरतो कारण बऱ्याचदा पाईप आणि साफसफाईत भागतं, निळ्याला सगळ्यात जास्त.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच उलटं ठेवा. थोडी वाफ डिझेलला असतेच, पण झाकण नाचायला लागलं, भकाभक वारा मारतंय, तर कॉम्प्रेशन रिंगांतून खाली येतंय, अशी गाडी कितीही स्वस्तात नको. ऑइलची काडी काढून बघा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर दोन-चारशे किलोमीटरमध्येच काळं होतं. बोटावर घेऊन बघा, खर लागतेय का, जाड ग्रीससारखं झालंय का, किंवा झाकणाखाली ताकाच्या रंगाचा फेस आहे का. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग, किंवा बुडबुडे सतत येतायत, तर निघा तिथून.

टेस्ट ड्राइव्ह सोसायटीच्या गेटपर्यंतची नको. मालकाला सोबत बसवा, नाशिकरोडवरून शिंदे टोलनाका ओलांडून मोहदरी घाट चढा आणि माळेगाव एमआयडीसीच्या तिथे गाडी चालू ठेवूनच थांबा. तुमचा रोजचा रस्ता हाच आहे, तेव्हा परीक्षाही इथेच. घाटात एसी चालू, तिसरा गिअर, दीड हजार आरपीएमवरून पाय दाबून बघा, गाडीने दोन हजारांच्या आसपास टर्बोचा जोर एकसारखा दिला पाहिजे. दमली, धक्के दिले, चेक इंजिनची लाईट लागून ताकदच गेली, तर टर्बोची पाती अडकतायत किंवा बूस्ट गळतोय. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसला असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम वर गेला आणि स्पीड तिथेच, तर क्लच संपला. साध्या क्लचचा खर्च दहा-पंधरा हजारांत निभतो पण ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं दोन भागांचं जड चाक) असलेल्या गाडीत तोच खर्च चाळीस हजारांच्या पुढे सहज जातो, म्हणून भाव ठरवायच्या आधी हे विचारून घ्या. वर पोचल्यावर बॉनेट उघडा, टेम्परेचर काटा बघा, खाली काही ठिबकतंय का बघा. इंटरकूलरच्या पाईपवर तेलाचा हलका ओलसर थर चालतो, थेंब चालत नाहीत.

यानंतर स्कॅनर. हजार-दीड हजार रुपये घेतात, पाच लाखांपुढे काही नाही. फक्त फॉल्ट कोड बघू नका, कारण विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसलेले असतात. इंजेक्टरचं करेक्शन (कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब) लाईव्ह बघायला सांगा, चारपैकी एका सिलिंडरचं करेक्शन बाकीच्यांपेक्षा खूप वेगळं असेल तर तो इंजेक्टर जायच्या मार्गावर आहे. संशय आला तर लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतंय ते मोजून घ्या. चारही इंजेक्टर नवे टाकायची वेळ आली तर पन्नास हजारांच्या आसपास किंवा वरच जातं. नाशिकला एक फायदा आहे, सातपूरला बॉशचा कारखाना, जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, तिथे डिझेलचे इंजेक्टर आणि नोझलच बनतात, त्यामुळे या शहरात नोझल-पंपाचं काम कळणारे हात कमी नाहीत. चांगल्या टेस्ट बेंचवाल्याकडेच जा.

या दोन सोडून दुसरं काय बघावं असंही तुम्ही विचारलंय. या बजेटमध्ये इंजिनाच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त विश्वास टोयोटाच्या १.४ डी-फोर-डीवर, म्हणजे इटिऑस आणि लिवा. इंटिरिअर साधं आहे, पण इंजिन न उघडता चार लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या टॅक्सी मी पाहिल्यात. अडचण एवढीच की शिर्डी लाईनवर टॅक्सी म्हणून चाललेल्या कितीतरी इटिऑस आणि डिझायर नंतर प्रायव्हेट करून विकल्या जातात, आरसीची आधीची नोंद बघितल्याशिवाय हात लावू नका. मारुतीची १.३ डिझेल डिझायर किंवा सियाझ, पार्ट गल्लोगल्ली, येवल्यापासून अकोल्यापर्यंत कुठलाही मिस्त्री उघडतो, फक्त एप्रिल २०२० ला बीएस ६ हा धुराचा कडक नियम आल्यावर मारुतीने डिझेल बंद केलं त्यामुळे सगळ्यात नवी गाडीही त्या आधीचीच मिळणार. होंडाचं दीड लिटरचं इंजिन ॲव्हरेजला फार चांगलं, आवाज मात्र केबिनमध्ये येतो, रोज दोन-अडीच तास तो आवाज चालेल का हे टेस्ट ड्राइव्हला ठरवा, आणि होंडानेही आता इथे डिझेल थांबवलंय म्हणून इंजिन-पंपाचे पार्ट ऑर्डर करून यायला वेळ लागू शकतो हे धरून चाला. ह्युंदाई आय-ट्वेंटी १.४ आणि वर्ना १.६, दोन्ही हायवेला मजबूत. फोर्ड ॲस्पायर चालवायला या सगळ्यांत मला जास्त आवडते, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आणि तुम्ही वर्षाला ३५ हजार चालवणार, तुम्हाला गाडी पार्टसाठी उभी राहणं परवडत नाही. फोर्ड, डस्टर, फोक्सवॅगन-स्कोडा यांच्या डिझेलला टायमिंग चेन नाही, बेल्ट असतो, तो कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च भावातून कापून मागा, तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही जातात. फोक्सवॅगन-स्कोडाची जुनी डीएसजी ऑटोमॅटिक (दोन क्लचचा गिअरबॉक्स) या बजेटमध्ये नकोच.

बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला मधूनमधून हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारखं चालावं लागतं तेव्हा त्यातली काजळी जळते. शहरात फिरणाऱ्यांना त्याचा वैताग होतो, तुमच्या रोडवर तो प्रश्नच येणार नाही, बजेट वाढवून तशी गाडी मिळाली तर डीपीएफला घाबरून सोडू नका.

दिल्ली-हरियाणा पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्या दाखवतात. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात, दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले तेव्हापासून त्या इकडे येतायत. आपल्याकडे तो दहा वर्षांचा नियम नाही, पण २८ नंबर फॉर्मची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन एमएच-१५ नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही आणि सर्व्हिस हिस्टरी शोधायला जाणार कुठे. मुंबईची गाडी असेल तर खालून गंज बघा. पुराची गाडी तर कुठलीही असू शकते, २०१६ आणि २०१९ ला गोदाकाठी काय झालं ते आपण पाहिलंय, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाला गाळाची रेष दिसते, आणि सीटच्या खालच्या पट्ट्यांवर, कार्पेटच्या खाली गंज.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. २०१९ च्या आधीच्या बेस मॉडेलला एबीएस आणि एअरबॅग नसतात बऱ्याचदा. संध्याकाळी अंधारात तुम्ही एकट्या ट्रकच्या गर्दीतून परत येणार, दोन एअरबॅग आणि एबीएस नसलेली गाडी इंजिन कितीही चांगलं असलं तरी घेऊ नका. तुमच्या समोरच्या दोन्ही गाड्यांचं व्हेरियंट आधी आरसीवरून खात्री करा, विकणारा तोंडाने टॉप मॉडेल म्हणतोच.

पैशाचं असं करा की पाचातले पाऊण लाख बाजूला काढा आणि सव्वाचार लाखाच्या आतच गाडी शोधा. त्या पैशातून पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, चार टायर, लागली तर बॅटरी. मालक काल सर्व्हिस केली म्हणाला तरी. पुढे दर दहा हजाराला ऑइल म्हणजे तुमच्या रनिंगला सव्वातीन महिन्यांनी, वर्षात तीन-चार वेळा, "वर्षातून एक सर्व्हिस" हा घरच्या दुसऱ्या गाडीचा नियम हिला लावू नका. रविवारी काडी काढून ऑइल बघायचं, आणि घाट चढून कुठे थांबलात तर लगेच चावी बंद न करता मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, टर्बोला त्या मिनिटाची गरज असते.

कागदांत आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबर फॉर्म आधी, पैसे नंतर. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबर फॉर्मवर सह्या तुमच्यासमोर घ्या, ई-चलन बाकी आहेत का ते नंबर टाकून बघा, आणि ट्रान्सफर "एजंट करून देईल सावकाश" यावर सोडू नका, खरेदी करणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो, पेठ रोडच्या आरटीओत तुम्ही स्वतः पाठपुरावा करा. इन्शुरन्सही त्याच आठवड्यात नावावर करून घ्या.

अमेझची सर्व्हिस हिस्टरी निघाली की तारखा आणि किलोमीटरच्या एंट्री मला पाठवा, ऑइलमध्ये गॅप आहे का ते बघून सांगतो, आणि तोपर्यंत कोणालाही टोकन देऊ नका.